कचकड्याची बाहुली आणि इतर धोकादायक खेळणी

श्रोतेहो, एखादी मुलगी फार नाजूक असली, जरा कामाला लावली की दमत असली, तर आपण तिला ‘कचकड्याची बाहुली’ म्हणतो. शब्द तोंडात बसला आहे. पण कचकडे म्हणजे काय, असे विचारले तर पुष्कळजण अडखळतील. कचकडे म्हणजे मुळात कासवाच्या पाठीचे कवच. त्याच्या फण्या, डब्या होत असत. पुढे विलायतेहून एक नवा पदार्थ आला. तो दिसायला तसाच, गुळगुळीत आणि हलका. म्हणून जुनेच नाव त्याला मिळाले. हा नवा पदार्थ म्हणजे सेल्युलॉइड. आपल्या म्हणण्यातली बाहुली आहे ती या सेल्युलॉइडची.

आमच्या आजीच्या ट्रंकेत अशी एक बाहुली होती. गोरे गाल, रंगवलेले निळे डोळे, वजन म्हणाल तर पिसासारखे. आजीच्या भावाने मुंबईहून आणलेली. तो गिरणीत कामाला होता. बाहुलीचा उजवा हात कोपरापासून नव्हता आणि उरलेल्या कडेला तपकिरी डाग होता. तसाच एक डाग आमच्या थोरल्या आत्याच्या तळहातावर होता. आत्या पाच-सहा वर्षांची असताना संध्याकाळी रॉकेलच्या चिमणीपाशी बाहुलीला घेऊन बसली होती. बाहुलीचे हात शेकायला म्हणून तिने तो हात ज्योतीपाशी नेला. भक्कन जाळ झाला आणि वितळलेला हात तळहाताला चिकटून बसला. आजीने हंड्यातले पाणी ओतले म्हणून तेवढ्यावरच निभावले. “बाहुली कसली, दारूच होती ती,” असे आजी म्हणायची. आम्हाला ती आजीची नेहमीची बोलण्याची तऱ्हा वाटे. पुढे वाचनात आले, तेव्हा कळले की आजी अक्षरशः खरे बोलत होती.

आता हे कसे, ते पाहू. मी इतिहासाचा शिक्षक. रसायनशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तरी गोष्ट समजायला कठीण नाही. १८४६ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे शोनबाइन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने कापसावर नत्राम्ल आणि गंधकाम्ल यांची क्रिया करून एक स्फोटक कापूस तयार केल्याचे जाहीर केले. हा कापूस बंदुकीच्या दारूची जागा घेऊ शकतो, हे लौकरच दिसून आले. त्याच जातीचा, पण थोडा सौम्य कापूस घेऊन त्यात कापूर मिसळला आणि उष्णता व दाब दिला, की एक मऊ लगदा तयार होतो. साच्यात घालावा तसा तो आकार घेतो आणि गार झाला की कडक होतो. अमेरिकेत जॉन वेस्ली हायट याने १८७० च्या सुमारास ही युक्ती पक्की केली. बिलियर्डचे चेंडू त्या काळी हस्तिदंताचे असत. हस्तिदंत महाग, म्हणून त्याच्याजागी चालेल असा स्वस्त पदार्थ तो शोधत होता. त्या शोधातून सेल्युलॉइड आले.

म्हणजे बाहुलीत होते काय? एक, दारूचा भाऊ शोभेल असा कापूस. दुसरा, आरतीच्या तबकात आपण पेटवतो तो कापूर. या दोन वस्तूंचे मूल करून आपण ते लेकरांच्या हाती दिले! अशा पदार्थाला जळण्यासाठी लागणारा बराचसा प्राणवायू त्याच्या अंगातच असतो. त्यामुळे घोंगडी टाकून हवा कोंडली तरी तो सहज विझत नाही. जळताना तो वितळतो, कातडीला चिकटतो आणि त्याचा धूरही विषारी असतो.

जपानचा या धंद्यात मोठा हात होता, आणि त्याचे कारण कापूर. कापराची मोठी जंगले फोर्मोसा बेटात, म्हणजे आजच्या तैवानात होती. ते बेट १८९५ साली जपानच्या ताब्यात गेले. कापूर हाताशी आल्यावर जपानने सेल्युलॉइडचे कारखाने काढले आणि दोन महायुद्धांच्या दरम्यान त्याच्या बाहुल्या, बदके, खुळखुळे जगभरच्या बाजारांत स्वस्तात विकले जाऊ लागले. या खेळण्यांचा मोठा तडाखाही जपानला बसला. १६ डिसेंबर १९३२ रोजी टोकियोतील शिरोकिया या मोठ्या दुकानात चौथ्या मजल्यावरच्या खेळण्यांच्या विभागात नाताळासाठी सजवलेल्या झाडावरचा दिवा दुरुस्त करताना ठिणगी उडाली. भोवती सेल्युलॉइडची खेळणी मांडलेली. आग वरच्या मजल्यांवर चढली आणि १४ माणसे मृत्युमुखी पडली.

जुन्या चित्रपटांच्या फितीही याच जातीच्या पदार्थाच्या असत. पुण्यात २००३ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या फिती ठेवलेल्या कोठीला आग लागली आणि पुष्कळ मोलाचा ठेवा जळून गेला. टेबल टेनिसचा चेंडू तर अगदी २०१४ पर्यंत मोठ्या सामन्यांत सेल्युलॉइडचाच वापरीत. बाहुल्या मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत हळूहळू नव्या, सहज न पेटणाऱ्या प्लॅस्टिकच्या होऊ लागल्या.

आगीचा धोका निदान डोळ्यांना दिसतो. दुसरा धोका याहून वाईट, कारण तो दिसत नाही, दुखत नाही आणि लगेच कळतही नाही. तो म्हणजे शिसे.

युरोपातील मुलांचे आवडते खेळणे म्हणजे शिशाचे शिपाई. इंग्लंडमध्ये ब्रिटन्स या कारखान्याने १८९३ साली आतून पोकळ शिपाई ओतण्याची पद्धत काढली. शिसे कमी लागू लागले, किंमत उतरली आणि मध्यम स्थितीतल्या घरांतही मुलांच्या पलटणी उभ्या राहिल्या. शिसे ओतायला सोपे, जड असल्याने हाताला भरीव लागणारे. कारागिराच्या दृष्टीने सोन्यासारखा धातू. त्यावर रंग चढवत, आणि पुष्कळदा रंगातही शिसेच असे. पांढरा सफेदा शिशाचा, झगझगीत पिवळा रंग शिशाचा आणि आपला शेंदूरही शिशाचाच. शेंदूर पोटात गेला तर गवयाचा आवाज जातो, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. आवाजाचे काय होते ते राहू द्या. पण शेंदूर खाण्याची वस्तू नव्हे, एवढे आपल्या पूर्वजांनी बरोबर ओळखले होते.

आता लहान मूल खेळण्याशी काय करते? पाहते, आपटते आणि तोंडात घालते. शिपायाची टोपी चोखली जाते, रंगाचा पोपडा नखाने खरवडला जातो आणि तेच बोट तोंडात जाते. मोठ्या माणसाच्या पोटात शिसे गेले तर त्याचा थोडा भाग अंगात मुरतो. मुलाच्या अंगात त्याच्या चौपट-पाचपट मुरतो. पोटात कळा येतात, रक्त कमी होते. आणि सर्वांत वाईट म्हणजे वाढत्या मेंदूला इजा होते. मूल चिडचिडे होते, त्याचे लक्ष लागत नाही, शिकलेले टिकत नाही. शिक्षकहो, अशा मुलाला आपण काय म्हणतो? ‘ढ’ म्हणतो. किती मुलांना उगीच ‘ढ’ म्हटले गेले असेल, याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही.

हे कळले कसे, तेही ऐकण्यासारखे आहे. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरात मुलांना शिशाची विषबाधा होत असे, पण विष येते कुठून ते सापडेना. लॉकहार्ट गिब्सन या डॉक्टरांनी १९०४ साली बोट दाखवले ते घराच्या ओसरीच्या रंगवलेल्या कठड्याकडे. तिथल्या कडक उन्हाने रंगाची भुकटी होई, कठड्याला धरून खेळणाऱ्या मुलांच्या घामट हातांना ती लागे आणि नखे खाणाऱ्या, बोटे चोखणाऱ्या मुलांच्या पोटात जाई. इतके स्वच्छ सांगूनही मुलांच्या हाताला लागेल अशा ठिकाणी शिशाचा रंग लावू नये, असा कायदा तिथे व्हायला १९२२ साल उजाडले. अमेरिकेने घरांच्या आणि खेळण्यांच्या रंगातील शिशावर कडक मर्यादा घातली ती १९७८ साली. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग इतकी ठरली, तो नियम २०१६ सालचा आणि लागू झाला २०१७ साली. गिब्सन यांच्या सांगण्यापासून मोजले तर शंभराहून अधिक वर्षे झाली.

येथे एक गंमत सांगतो. १९५० साली अमेरिकेतील ए. सी. गिल्बर्ट या खेळण्यांच्या कंपनीने मुलांसाठी चक्क अणुशक्तीची प्रयोगशाळा विकायला काढली! किंमत साडेएकोणपन्नास डॉलर. पेटीत किरणोत्सर्ग मोजणारे गायगर यंत्र, किरणांच्या वाटा दाखवणारी मेघपेटी आणि काचेच्या बरण्यांत खऱ्याखुऱ्या युरेनियमच्या खनिजाचे चार नमुने. सोबतच्या पुस्तिकेत ताकीद होती की नमुने बरणीबाहेर काढू नका. का? तर त्यांचे कण सांडतील, मग सगळ्या खोलीतच किरणोत्सर्ग राहील आणि तुमच्या यंत्राचे आकडे चुकतील! मुलाच्या पोटात कण गेले तर काय, याची काळजी त्या वाक्यात नव्हती. पेटी महाग होती, ती पाच हजारांच्या आतच खपली आणि दीड-दोन वर्षांत बंद पडली. आज तिचे नाव काढले की लोक कानांवर हात ठेवतात. पण नीट विचार केला तर असे दिसते की बरण्या बंद राहिल्या तोवर त्या पेटीपासून फारसे भय नव्हते. ज्याला कोणी भ्यायले नाही, तो खिशातला शिशाचा शिपाई मात्र पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या तोंडात जात राहिला. म्हणून सांगतो, नावाने घाबरू नये आणि ओळखीच्या वस्तूवर आंधळेपणाने विसंबूही नये.

तिसरी गोष्ट अमेरिकेतल्या अंगणातील बाणांची. फूटभर लांबीचा बाण, मागे प्लॅस्टिकची पिसे आणि पुढे जड धातूचे टोक. जमिनीवर कडे ठेवायचे आणि दुरून खालच्या हाताने बाण असा वर फेकायचा की तो उंच जाऊन टोकावर त्या कड्यात रुतावा. घरातल्या सर्वांनी मिळून खेळण्याचा खेळ म्हणून तो खपला. जखमी मुले दवाखान्यांत येऊ लागली, तेव्हा सरकारने १९७० साली नियम केला : हे बाण खेळणी म्हणून विकू नयेत, खेळण्यांच्या दुकानात ठेवू नयेत आणि पेटीवर ‘फक्त मोठ्यांसाठी’ अशी सूचना छापावी. नियम झाला, सूचना छापली गेली. पण दुकानदार इतर खेळण्यांशेजारीच पेट्या मांडत राहिले. आणि एकदा पेटी घरात आली की तिच्यावरचा मजकूर वाचून कोणते मूल थांबते?

१९८७ च्या एप्रिल महिन्यात कॅलिफोर्नियात सात वर्षांची एक मुलगी घरासमोर बाहुल्यांशी खेळत होती. मागच्या अंगणात मुले बाण फेकत होती. एक बाण उंच गेला, पलीकडे आला आणि तिच्या डोक्यात घुसला. ती वाचली नाही. त्या बापाने ठरवले की दुसऱ्या कोणाच्या मुलावर ही पाळी येऊ द्यायची नाही. तो वॉशिंग्टनला खेटे घालू लागला. सरकारी दप्तरातून आकडे बाहेर आले : आठ वर्षांत सुमारे ६,१०० माणसे या बाणांनी जखमी होऊन दवाखान्यांत आली होती आणि त्यांतली बहुतेक पंधरा वर्षांच्या आतली मुले होती. १९ डिसेंबर १९८८ पासून अमेरिकेत या बाणांच्या विक्रीवर पूर्ण बंदी आली. पुढच्या वर्षी कॅनडानेही तेच केले.

श्रोतेहो, बाहुली, शिपाई, अणूची पेटी आणि बाण यांत एक सारखेपणा आहे. यांतले एकही मुलांचे वाईट व्हावे म्हणून कोणी केलेले नव्हते. बाहुली स्वस्त व्हावी, शिपाई सुबक दिसावा, मुलाला विज्ञानाची गोडी लागावी, घरच्यांनी एकत्र खेळावे, असेच हेतू होते. चूक झाली ती एका ठिकाणी. करणाऱ्याने विचार केला, ‘हे खेळणे कसे खेळायचे आहे?’ त्याने विचारायला हवे होते, ‘मूल याचे काय काय करील?’ बाहुली दिव्याजवळ नेण्यासाठी नव्हती, शिपाई चोखण्यासाठी नव्हता, बाण कुंपणापलीकडे फेकण्यासाठी नव्हता. पण मूल हे सर्व करणारच. ते मुलाचे व्रात्यपण नव्हे, तो त्याचा स्वभाव आहे. खेळणे मुलाच्या स्वभावाला पुरले पाहिजे. स्वभाव खेळण्याप्रमाणे बदलत नसतो.

आणि हे सांगताना आपल्या जुन्या खेळांनाही सूट नको. विटीदांडूची विटी दोन्हीकडून टोकदार असते आणि ती कुठे जाईल, हे दांडूवाल्यालाही ठाऊक नसते. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या भुवईवर तिची खूण होती. बोटभर खाली लागली असती तर डोळा गेला असता. खेळ बंद करा असे मी म्हणत नाही. बघ्या पोरांना समोर उभे राहू देऊ नका, इतकेच म्हणतो.

आता आजचे बोलू. आपल्याकडे खेळण्यांसाठीचा गुणवत्ता आदेश २०२० साली निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. चौदा वर्षांखालील मुलांसाठीच्या खेळण्यांवर त्यानुसार आय. एस. आय. चे चिन्ह असावे लागते. नोंदणी झालेल्या हस्तकारागिरांच्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. चिन्ह पाहून घ्यावे, हे उत्तम. पण जत्रेतल्या पालावर, आठवड्याच्या बाजारात, फेरीवाल्याच्या काठीवर चिन्ह सापडेलच असे नाही. तिथे आपले डोळे हेच चिन्ह. त्यासाठी काही साध्या गोष्टी सांगतो.

तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती तीन सेंटिमीटरहून थोड्या रुंद नळीत मावेल अशी वस्तू देऊ नये. मग तो गोटी असो, चाक असो की बाहुलीचा डोळा. ती घशात अडकू शकते. ओल्या फडक्याने किंवा नखाने रंग सुटत असेल तर ते खेळणे तोंडात घालणाऱ्या मुलासाठी नव्हे. खेळण्यात बटणासारखी चपटी बॅटरी असेल तर तिचे झाकण स्क्रूने बसवलेले आहे ना, ते पाहावे. अशी बॅटरी गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आतून भाजते. अशा वेळी ओकारी काढण्याच्या किंवा ‘उद्या शौचातून पडेल’ म्हणण्याच्या फंदात न पडता मुलाला तडक मोठ्या दवाखान्यात न्यावे. लोहचुंबकाचे बारीक मणी एकाहून अधिक पोटात गेले तर आतड्याच्या भिंती चिमटीत धरून एकमेकांना चिकटतात, म्हणून तेही लहान मुलांच्या घरात नकोत.

शेवटची गोष्ट दिवाळीची. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात कार्बाइडच्या तोफेचे वेड पसरले. प्लॅस्टिकची नळी, त्यात कार्बाइडचा खडा आणि पाणी. गॅस तयार झाला की लायटरची ठिणगी. कार्बाइड आपल्या ओळखीचे आहे. वेल्डिंगवाल्याकडे असते, आणि बंदी असूनही आंबे पिकवायला चोरून वापरतात. ही तोफ कधी उडते, कधी उडत नाही. उडाली नाही की मूल काय करते? नळीत डोकावून बघते. नेमकी त्याच वेळी ती उडते. शंभराहून अधिक जण, बहुतेक मुलेच, डोळ्यांच्या जखमा घेऊन दवाखान्यांत आले आणि काहींची दृष्टी गेली. शंभर-दीडशे रुपयांची वस्तू! पाहा, पुन्हा तीच गोष्ट. ‘नळीत डोकावू नका’ असे सांगून भागत नाही, कारण न उडालेल्या तोफेत डोकावणे हाच मुलाचा स्वभाव आहे. अशी वस्तू हातातच पडू न देणे, एवढा एकच उपाय.

शिक्षक बंधुभगिनींनो, दिवाळीच्या सुटीआधी आणि गावच्या जत्रेआधी वर्गात एक तास यासाठी काढा. मुलांना आपापली खेळणी आणायला सांगा. प्रत्येक खेळण्यापाशी त्यांनाच विचारा, ‘तुझा धाकटा भाऊ याचे काय करील?’ मुले खरी उत्तरे देतात. तोंडात घालील, विस्तवात टाकील, दोरी गळ्यात घालील, असे तीच सांगतील. पेटीवरच्या बारीक अक्षरांपेक्षा ही उत्तरे त्यांच्या जास्त लक्षात राहतील.

आमच्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हते. आत्याचा हात भाजला त्या रात्री तिने बाहुलीला ट्रंकेत घातले. पुढे आम्ही नातवंडे हट्ट करू लागलो की ती बाहुली बाहेर काढी. पण दिवसा, अंगणात, आणि स्वतः शेजारी बसून. दिवेलागणीच्या आत बाहुली परत ट्रंकेत जाई. टोकियोत काय घडले ते तिला ठाऊक नव्हते, कायदाही ठाऊक नव्हता. तिने फक्त एकदा पाहिले होते, आणि ते ती विसरली नव्हती. पण त्यासाठी आत्याचा हात भाजावा लागला. तुम्ही आज हे ऐकले आहे, वाचले आहे. तुमच्या घरात कोणाचा हात भाजेपर्यंत थांबण्याचे कारण नाही.